डागाला विटाळ नाही

आमच्या घरात विटाळाचा एक कायदा होता आणि तो सासूबाईंनी केलेला होता. पाळी आली की बाई बाजूला. देवाला, लोणच्याच्या बरणीला, पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही. इथपर्यंत सगळ्या घरांसारखंच. पण नुसता डाग दिसला, तर त्याला विटाळ नाही. हे त्या अगदी ठणकावून सांगायच्या.

"डाग दिसला म्हनून बाई कोपऱ्यात बसली, त मंग घर कोन चालवीन? डाग धुवायचा, हातपाय धुवायचे अन् कामाले लागायचं. कोनाले सांगायचंबी नही."

मी लग्न होऊन जसोंडीला आले तेव्हा मला हे ऐकून गंमतच वाटली होती. माझं माहेर बुऱ्हाणपुरातलं, शिकलेल्या लोकांचं. पण कपड्याला जरा काही दिसलं तरी आई मला खोलीच्या दाराबाहेर चटईवर बसवायची, आणि कॉलेजात जाणारी मी तिथे पुस्तक तोंडासमोर धरून रडायचे. इथे खेड्यात, सहीऐवजी अंगठा लावणारी सासू असा कायदा करते म्हणजे केवढी पुढारलेली बाई! मी मैत्रिणींना कौतुकाने सांगत असे. माझा नवरा सरकारी कचेरीत लागला, आम्ही बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळ बिऱ्हाड केलं, मी शाळेत शिकवायला लागले, पण सणावाराला जसोंडीला जायचं ते त्या कायद्याच्या आधारानेच. तिथे मला कुणी कोपऱ्यात बसवणार नाही, याची खात्री असायची.

सासूबाई उंच, हडकुळ्या, आवाजाने खणखणीत. फोनवर बोलायच्या तर पलीकडच्या माणसाला फोनशिवायही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. लुगडं नेहमी गडद, काळपट जांभळं नाहीतर करडं. आणि ते त्यांनी आम्हा सुनांना कधी धुऊ दिलं नाही. "माझे हात गेले नही अजून," असं म्हणून त्या सकाळी सगळ्यांच्या आधी मोरीवर बसायच्या. आम्ही त्यांचा हेका म्हणून सोडून देत होतो.

धाकटी जाऊ मात्र सासूच्या अगदी उलट. ठेंगणी, भरलेली, सतत हसणारी. दीर केळीच्या व्यापाऱ्यांमागे फिरायचा आणि बागेतलं सगळं ही बघायची. घड उतरवणाऱ्या मजुरांना ओरडायची आणि त्यांच्याच बरोबर बांधावर बसून भाकरी खायची. मला "मास्तरीनबाई" म्हणून चिडवायची. मला एक सख्खी बहीण आहे, पण मनातलं बोलायला मला ही जाऊच जवळची होती.

एकदा आमच्या शाळेत गावातल्या एका डॉक्टरीणबाईंना बोलावलं होतं. मुलांच्या आया आणि आम्ही शिक्षिका, एवढ्याच. मुख्याध्यापकांनी स्वागत केलं आणि विषय कळताच "तुमचं चालू द्या" म्हणून जे आपल्या खोलीत गेले ते चहालाही आले नाहीत. बाई गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल बोलल्या. तो एका विषाणूमुळे होतो, विषाणू शरीरात गुपचूप वर्षानुवर्षं राहतो, आणि डोळ्यांना काही दिसायच्या आधी त्याच्या खुणा सापडतात. आता पेशींमध्ये त्या विषाणूची जनुकंच शोधणारी तपासणी निघाली आहे. एका मऊ ब्रशने नमुना घ्यायचा, बाटलीत घालायचा, इंदूरला पाठवायचा. "दुखत नाही म्हणून बायका येत नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि दुखायला लागलं की येतात, तेव्हा माझ्या हातात थोडंच उरलेलं असतं."

मी मुळात काळजीखोर. मुलाला शिंक आली की मी दवाखान्याचं दार मनात उघडते. व्याख्यान संपेपर्यंत मला ओटीपोटात काहीतरी टोचायलाही लागलं होतं. मी नाव दिलं. पण एकटीला जायचा धीर होईना. नेमकी जाऊ बुधवाऱ्याच्या बाजारात नात्यातल्या लग्नासाठी साड्या घ्यायला आलेली. मी तिला दुकानातूनच ओढून नेलं.

"तिथं काय पाहतेत व ताई?"

"गर्भाशयाचं तोंड."

"त्याले तोंडबी रायतं?" ती रिक्षात इतकी हसली की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. "मंग दातही असतीन!"

आधी माझी तपासणी झाली, मग तिची. मी पडद्याच्या अलीकडे साडी सावरत उभी होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाळी नियमित आहे का, मधेच कधी रक्त जातं का, नवराबायकोचे संबंध आल्यावर रक्त जातं का. रक्ताच्या दोन्ही प्रश्नांना जाऊने ठसक्यात उत्तर दिलं, "नही बाई, तसं काहीच नही." मग बाईंनी दिवा लावून पाहिलं. जरा लालसर आहे, पण तसं बऱ्याच जणींचं असतं, म्हणाल्या. नमुना घेतला. बाहेर येऊन आम्ही कचोरी खाल्ली आणि तिने पुन्हा दुकानात जाऊन साडी बदलून घेतली.

माझं सगळं ठीक निघालं. पोटात टोचणंही त्याच दिवशी थांबलं. जाऊचं मात्र नाही.

तिच्या नावापुढे माझाच नंबर दिलेला होता, म्हणून फोन मला आला. मी तिसरीच्या वर्गात शुद्धलेखन सांगत होते. बाहेर व्हरांड्यात येऊन ऐकलं, आणि परत वर्गात गेल्यावर तेच वाक्य पुन्हा सांगितलं. मुलांनी तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी दवाखान्यात जाऊन बसले. डॉक्टरीणबाई शांतपणे समजावत होत्या आणि मी त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते. विषाणू सापडला आहे, तो धोक्याच्या गटातला आहे. पण विषाणू म्हणजे कर्करोग नव्हे. तो खूप बायकांना होऊन जातो. बहुतेकींचं शरीर त्याला आपोआप हाकलून देतं. काहींच्यात तो मुक्काम करतो, पेशीच्या गाभ्यात शिरून तिच्याच जनुकांना चिकटतो, आणि मग पेशी त्याच्या तालावर चालायला लागते. तसं सुरू झालं आहे का, हे बघायला दुसरी तपासणी करायची. त्याच बाटलीतल्या उरलेल्या नमुन्यातल्या पेशींना दोन रंग द्यायचे. पेशीचा ब्रेक निकामी झाला असेल तर तपकिरी दिसतं. ती वाढून दुभंगत असेल तर लाल. चांगल्या पेशीत हे दोन्ही एकदम कधी दिसत नाहीत.

"आणि दिसले तर?"

"तर दुर्बिणीतून बघायचं आणि तुकडा काढायचा. आत्तापासून टेन्शन नका घेऊ."

असं म्हटलं की मला हमखास टेन्शन येतं. मी आणखी एक विचारलं, कारण घरी पहिला प्रश्न तोच येणार होता. हा विषाणू आला कुठून? बाई म्हणाल्या, संबंधांतून येतो, पण कधी आला ते कुणीच सांगू शकत नाही. लग्नानंतर लगेच आला असेल आणि इतकी वर्षं झोपून राहिला असेल. यावरून कुणाच्या वागणुकीवर बोट ठेवू नका, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मी जसोंडीला गेले तेव्हा जाऊ ओट्यावर शेंगा सोलत होती. मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं. तिचं हसणं कधी गेलं ते मला कळलंही नाही. ती शेंगा सोलतच राहिली, फक्त दाणे टोपलीत न पडता मांडीवर पडत होते.

"ताई, मी मरीन का?"

"वेड्यासारखं बोलू नको."

"मंग तुमचे डोये कायले भरले?"

मी तिच्या मांडीवरचे दाणे गोळा करायला लागले. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "यायले सांगू नका. आत्याबाईलेबी नही. काय असन ते तुमाले अन् मले." नवऱ्यालाही नाही, सासूबाईंनाही नाही, हे मला पटलं नव्हतं, पण त्या वेळी नाही म्हणणं शक्य नव्हतं.

तो दुसरा रिपोर्ट येईना. कधी इंदूरचं यंत्र बंद, कधी सुट्टी. मी घरात कुणाचं धड ऐकून घेत नव्हते. नवऱ्याने भाजीत मीठ जास्त झालंय म्हटलं तर मी पातेलंच उचलून मोरीत ठेवलं. वर्गात बरोबर गणितांवर फुल्या मारल्या आणि मुलांनी वह्या परत आणून दाखवल्या. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं, आणि नाही वाजला तरी व्हायचं. जाऊ फोनवर "आला का?" एवढंच विचारायची. "नाही" म्हटलं की "बरं" म्हणून ठेवून द्यायची. तिच्या त्या "बरं"चा मला राग यायचा. भांडली असती, रडली असती तर बरं वाटलं असतं.

आणि अशात कानबाई आली. श्रावणातला आमच्याकडचा सर्वांत मोठा सण. नारळाची देवी मांडायची, तिला दागिने घालायचे, सगळे भाऊबंद जमतात. नैवेद्याच्या रोटांचे, म्हणजे जाड पोळ्यांचे, गहू घरच्याच बायकांनी घरच्या जात्यावर दळायचे. त्या दळणाला हात लावणारी बाई शुद्ध हवी. नेमकी कुणाची पाळी आली की हात कमी पडतात आणि कुजबुज सुरू होते. काही घरांत बायका आधीपासून पाळी लांबवायच्या गोळ्या घेतात. आमच्याकडे सासूबाईंचा कायदा होता, त्यामुळे जरा तरी सैल होतं.

जात्याभोवती आम्ही बायका बसलो होतो. गाणी चालली होती. जाऊ माझ्यासमोर खुंट्याला हात लावून बसलेली, पण मधूनच उठून मागच्या अंगणात जायची. एकदा गेली, परत आली, पुन्हा गेली. माझा डोळा तिच्यावरच होता. मी पाणी प्यायचं निमित्त करून मागे गेले. ती हौदापाशी पाठमोरी बसून एक फडकं चोळत होती.

"पाळी आली का गं?"

ती दचकली. मग हसली, "नही व ताई. डाग हाये. नेहमीचाच."

"नेहमीचाच म्हणजे?"

"असं मधी मधी दिसत रायतं. गेल्या कानबाईलेबी होतं. अन्..." तिने मान खाली घातली, "यायच्याजवळ गेली का त हमखास."

मला क्षणभर कानांत नुसती जात्याची घरघर ऐकू येत होती.

"अगं, मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस? मी पडद्याआडून ऐकलंय!"

"त्यायनं रक्त विचारलं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरच नवल होतं. "डागाले आपल्या घरात कोन मोजतं?"

खोटं बोलली असती तर मी तिच्यावर ओरडले असते. पण ती खरं बोलत होती. त्या घरात ती इतकी वर्षं जे शिकली, तेच तिने दवाखान्यात सांगितलं होतं. आणि मीही तेच शिकले होते. मलाही कधी डाग दिसला असता तर मीसुद्धा "काहीच नाही" म्हणाले असते. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच वेळी तिला घट्ट धरून ठेवावंसं वाटलं. मी दुसरंच केलं. तिच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि वेड्यासारखी धुवायला लागले.

"काय चाललं व दोघीचं? जात्यावर कोन बसन?" सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. मी फडकं लपवायला गेले, पण त्यांनी पाहिलं. त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं आता त्या आपला कायदा ऐकवतील. पण त्या वळून आत गेल्या.

कानबाईचं विसर्जन झाल्या झाल्या मी नदीवरूनच डॉक्टरीणबाईंना फोन केला. ढोल वाजत होते, मला ओरडून सांगावं लागलं आणि आजूबाजूच्या बायका बघत होत्या. बघू देत, म्हटलं. बाई आधी चिडल्या, "मी स्पष्ट विचारलं होतं ना?" मग मी त्यांना आमच्या घरचा कायदा सांगितला. "असा त्रास असेल तर रिपोर्टची वाट बघायचीच नसते. उद्या सकाळी घेऊन या," म्हणाल्या.

आता दिराला सांगणं भाग होतं. मी सांगितलं, आणि कुणाच्या वागणुकीवर बोट ठेवायचं नाही हेही तितक्याच जोरात सांगितलं. त्याने खाली मान घालून ऐकलं आणि मोटरसायकल काढायला गेला. दवाखान्यात जाऊला आत घेतल्यावर तो बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. बाक रिकामा होता तरी बसला नाही.

दुर्बिणीतून बघताना औषध लावल्यावर एक भाग पांढरा पडला. त्याचा तुकडा काढला. त्याच आठवड्यात इंदूरचा रिपोर्टही आला, दोन्ही रंग एकाच पेशीत, आणि तेही एखाद्याच नाही, बऱ्याच पेशींत. मी त्या वेळी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की जाऊची लग्नातली हिरवी साडी डोळ्यांसमोरून हलेना आणि मला सारखं वाटायचं, आपण तिला त्या दिवशी दुकानातून ओढून नेलं नसतं तर निदान हे कळलं तरी नसतं. मग स्वतःचीच चीड यायची. न कळून काय झालं असतं?

तुकड्याचा निकाल सांगायला डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोघींना समोर बसवलं. कर्करोग नाही. त्याच्या अगदी अलीकडची पायरी आहे. तेवढा भाग तापलेल्या तारेच्या वेढ्याने काढून टाकायचा, गर्भाशयाला हात लावायची गरज नाही, नंतर मात्र तपासणीला येत राहायचं. जाऊने विचारलं, "म्हंजे मी मरत नही?" बाई म्हणाल्या, "यानं तरी नाही." तेव्हा ती पहिल्यांदा रडली. मी तर कधीची रडत होते.

तो भाग काढला. आत पसरलेलं काही निघालं नाही. तिला जड उचलायला मनाई होती आणि बागेत मजुरांवर ओरडायला नाही, त्यामुळे तिचं बरं चाललं होतं.

सासूबाईंना एवढंच सांगितलं होतं की बायकांचं छोटं ऑपरेशन आहे. पण मी ठरवलं होतं की आता त्यांना सगळं सांगायचं. एका रविवारी जसोंडीला गेले. त्या अंगणात बाजेवर बसून तूर निवडत होत्या. जाऊ शेजारी बसलेली. मागे दोरीवर त्यांचं काळपट जांभळं लुगडं वाळत होतं. मी उभ्या उभ्याच सुरू केलं, विषाणू, पेशी, दोन रंग, सगळं. मग म्हणाले, "आत्याबाई, तुमचा कायदा चांगल्या मनानं केलेला होता. पण त्यानं हिचा जीव घेतला असता. आजपासून या घरात डाग लपवायचा नाही. विटाळ नका मानू, पण सांगायचा."

त्या भांडतील अशी माझी पूर्ण तयारी होती. त्यांनी सुपातली तूर एका बाजूला सारली.

"अन् पायी गेल्यावर?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"बाईची महिन्याची पायी जाऊन वर्सं झाली. अन् मंग डाग दिसला, तर?"

मी शिक्षिका, प्रश्न आला की उत्तर देऊन मोकळी. "मग तर मुळीच थांबायचं नाही आत्याबाई. पाळी गेल्यावर थेंब जरी दिसला तरी लगेच..." इथे माझी जीभ थांबली. जाऊ माझ्याकडे बघत नव्हती. ती दोरीवरच्या लुगड्याकडे बघत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मोजलं नही," सासूबाई म्हणाल्या. "वर्सं झाली असतीन. पयले वाटलं, म्हाताऱ्या बाईले आता हे काय? लोक हसतीन. देवाजवळून उठवतीन. मंग म्हटलं, नुसता डाग त हाये."

जाऊने सूप त्यांच्या मांडीवरून उचलून खाली ठेवलं. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. नंबर दोनदा चुकला. लागल्यावर मी एवढंच म्हणू शकले की माझ्या सासूबाईंना बोलायचं आहे, आणि फोन त्यांच्या कानाला धरला. पलीकडून त्यांना काय त्रास आहे असं विचारलेलं मला ऐकू आलं. आयुष्यभर फोनवर ओरडून बोलणाऱ्या माझ्या सासूबाई, पदराने तोंड झाकून, हळूच म्हणाल्या, "बाई, मले डाग जातो."